हरकतीची खुर्ची

"बोला खोडाबाई, आज कशात खोडा घालताय?" व्यवस्थापकांनी विचारलं. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

ती टोकाच्या खुर्चीत बसली होती. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात थोरल्या मालकांनी एक नियम घालून दिला होता. कोणतीही योजना आली की एकाने या खुर्चीत बसून हरकत घ्यायची. त्या हरकतीला उत्तर मिळालं, तरच मंजुरी. उत्पादनवाल्यांना घाई, तपासणीवाल्यांना धास्ती. दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात म्हणून ही सोय. वाईटपणा कोण घेणार? खुर्ची कायमची पॅकिंगच्या या बाईच्या गळ्यात पडली. ती हरकत घेई, व्यवस्थापक दोन वाक्यांत ती उडवून लावत आणि हवं ते मंजूर करून घेत.

मागच्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा निघाली. हक्क तिचा होता. व्यवस्थापक तिच्यादेखत धाकट्या मालकांना म्हणाले, "यांना नको. सगळ्यात नाट लावतात. जुळवून घेणं रक्तातच नाही." जागा त्यांच्या मेहुण्याला मिळाली.

आजची योजना होती मुलांचं आणि मोठ्यांचं औषध एकाच यंत्रावर भरायची. ती मंजूर झाली की व्यवस्थापकांची बढती पक्की होती.

"बोला की."

"छान आहे योजना," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

हसू विरलं. धाकट्या मालकांनी मान वर केली. "हरकतच नाही? मग मंजूर कशी करायची?"

"अहो बाई, काहीतरी विचारा!" व्यवस्थापक खुर्चीतून अर्धवट उठले. "लेबलांची अदलाबदल होईल, मुलांच्या बाटलीत मोठ्यांचं औषध जाईल, असं काहीतरी! उत्तर तयार आहे माझ्याकडे."

"मला नाही बाई असलं काही सुचत. मी जुळवून घ्यायला शिकतेय, साहेब."

"मग दुसरं कोणीतरी बसा तिथे!"

कोणी हललं नाही. मेहुण्याला एकदम खोकला आला.

"राहू द्या," मालक म्हणाले. "योजना बाजूला ठेवा. आणि हे मुलांच्या बाटलीचं काय म्हणालात, ते नीट सांगा मला. सगळं."

बाहेर व्यवस्थापकांनी तिला गाठलं. "सूड उगवलात ना?"

"हो," ती म्हणाली.

मेहुण्याच्या नव्या केबिनवरून ती पॅकिंगमध्ये आली आणि तिने डोक्यावर टोपी घातली. सरकत्या पट्ट्यावरून वाकड्या लेबलाची एक बाटली पुढे निघाली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली.