रिमोट आधी बंद झाला तेव्हा

मित्रांनो, मी बॅटरीवर धावणारी, लांबून रिमोटने चालवायची एक जुनी बग्गी आहे. माझा वेग तुम्हाला आवडेल. मला मात्र त्याची भीती वाटते. का, ते सांगते.

दोन हजार चारच्या सुमारास टोकावड्याच्या मुकेशने मला सुट्या भागांच्या खोक्यातून घरी आणलं. तो कारखान्यात फिटर होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, दीप्तीने, ओटीवर बसून मला जोडलं. मोटरचं लहान दातेरी चाक आणि त्याला लागून फिरणारं मोठं चाक यांच्यात कागदाची पट्टी धरून नेमकी फट राखली. धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये तेल भरलं. कापणी झालेल्या भातशेतात ढेकळांवर पोट आपटू नये म्हणून मला थोडं उंच केलं. पहिल्यांदा बांधावरून उडून मी चारही चाकांवर उतरले, तेव्हा मुकेशची आई गोजाबाई म्हणाली, "हरणीवानी पळते गो." मी हरखून गेले.

एका दुपारी शेतात मी अडखळू लागले.

"रिमोटचे सेल उतरलेत," मुकेश म्हणाला.

"आधी बग्गी बंद करा," दीप्तीने सांगितलं.

"तिथवर कोन जातंय? सेल बदलायला कितीसा टाइम लागतो."

त्याने रिमोट बंद केला. माझी बॅटरी चालूच होती.

तोवर मला सतत मुकेशचा हुकूम ऐकू यायचा. तो तुटला आणि नुसती खरखर उरली. त्या खरखरीलाच हुकूम समजून माझी मोटर पूर्ण जोरात फिरली. मला थांबायचं होतं, थांबता येत नव्हतं. बांध मागे पडला आणि समोर माळशेजकडे जाणारा डांबरी रस्ता आला. कडेला पेंढा बांधणारी गोजाबाई मला अडवायला धावली.

"आये, जाऊ दे तिला. रस्त्यावर नको जाव," मुकेश ओरडला.

तिने रस्त्यावरच मला उचलून छातीशी धरलं. उन्हासाठी तिने डोक्यावरून गळ्याशी पदर गुंडाळला होता. त्याचं टोक माझ्या फिरत्या चाकात गेलं, आसाला वेढे बसत गेले आणि पदर तिच्या गळ्याला आवळू लागला. ट्रकचा हॉर्न जवळ येत होता. तिचा श्वास घुसमटत होता आणि मीच तिचा गळा आवळते आहे, हे मला कळत होतं. ट्रक करकचून थांबला. दीप्तीने धावत येऊन माझ्या बॅटरीची वायर उपटली. मुकेशने आसाला बसलेले पदराचे वेढे उलगडले, तेव्हा कुठे गोजाबाई खोकली.

मग मी माळ्यावर पडले. उंदीर वायरी कुरतडतील या धास्तीत कितीतरी पावसाळे गेले. मुकेश वर बघायचाही नाही. शेवटी गोजाबाईच म्हणाली, "काढ तिला खाली."

"नको आये. मला भ्या वाटतं."

"मला पन वाटतं. म्हनून तर नीट शिकव. मीच चालवीन."

त्याने शिकवलं. सुरू करताना रिमोट आधी, मग बग्गी. बंद करताना बग्गी आधी, रिमोट शेवटी. आता गोजाबाईच मला चालवते. रस्त्यावर गाडी वाजली की ती मला लगेच थांबवते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिची माती झटका, तिला तेल द्या. आणि ती पुरती बंद होईपर्यंत रिमोट हातातून सोडू नका. आम्हाला ब्रेक असतो, पण तो तुमच्या बोटापाशी असतो.