मेन स्विचखालची खुर्ची

काळेवाडीहून नागपूरची बस खंडेनवमीला दुपारी चारला सुटणार होती. दीक्षाभूमीला जायचं, हे आमच्या घरी दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी मोडायचं. खंडेनवमीला बाबांची कंपनी बंद असली की मशीनपाशी थांबायला बाबाच लागायचे. बाबा गेले, आईचं नागपूर राहून गेलं. या वर्षी मी ठरवूनच टाकलं होतं, काय वाट्टेल ते होवो, आईला त्या बसमध्ये बसवणार आणि शेजारी मी बसणार.

आणि नेमकी माझ्या कंपनीतली डिस्क भरत आली. मी चाकणला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. तिथे बनणाऱ्या प्रत्येक पार्टचा फोटो निघतो आणि एका व्हर्च्युअल मशीनमध्ये साठतो. व्हर्च्युअल म्हणजे वेगळा डबा नाही, एकाच सर्व्हरच्या पोटात असे चार-पाच कॉम्प्युटर नांदतात. फोटोला जागा नसली की लाइन थांबते, आणि दसऱ्याला सकाळीच शिफ्ट होती. सर्व्हरमध्ये जागा भरपूर होती. त्यातली थोडी नवी डिस्क म्हणून या मशीनला द्यायची, बस. खंडेनवमीला लाइन बंद असताना घरबसल्या उरकणार होते.

सकाळी लॅपटॉप उघडला तर सर्व्हरच सापडेना. मेंटेनन्सच्या उद्धवरावांना फोन लावला. चऱ्होलीचा जुना माणूस.

"बंद हाय त्यो," ते म्हणाले. "पूजेला बसवलाय. आज हत्यारं चालवत न्हाईत, ठावं न्हाई व्हय तुला? मेन स्विचच पाडलाय."

माझं डोकंच फिरलं. चालत्या सर्व्हरचा मेन स्विच पाडतात! आईला म्हटलं, "बॅग भरून ठेव, आलेच मी," आणि स्कूटर काढली.

सर्व्हरवर झेंडूचा हार, बटणावर कुंकू, आणि दारात उद्धवराव.

"आज हात लावायचा न्हाई, मैत्री. उद्या बघ."

"उद्या मी नागपुरात असेन, काका, आणि इथे लाइन बसेल." माझा आवाज चढला होता, चढू दे. "मला सांगा, लेथला हार कधी घातलात?"

"काल पुसली, तेल घातलं, पट्टा बदलला. मग आज हार."

"आणि याला?"

त्यांनी सर्व्हरवरचा हार नीट केला.

"याला नुसताच हार घातलाय तुम्ही. याचं तेलपाणी राहिलंय. ते केल्याशिवाय मी हलत नाही इथून."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग सर्व्हरकडे. हार अलगद काढून हातावर घेतला.

"आदुगर तेलपाणी," ते म्हणाले आणि त्यांनीच स्विच वर केला.

सर्व्हर कुरकुरत उठला. नवी डिस्क जोडली, पण व्हर्च्युअल मशीनला तिचा पत्ताच नव्हता. तसंच असतं, नवं कपाट आणलं तरी फळ्या आपल्यालाच लावाव्या लागतात. डिस्क ओळखायला लावली. फॉरमॅट करण्याआधी तिचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं, कारण बोट जुन्या डिस्कवर पडलं असतं तर सगळे फोटो गेले असते. मग फोटो नव्या जागेत हलवायला लावले. ते काही लवकर संपेना.

शेवटचं काम बसमधूनही झालं असतं. पण संध्याकाळी पूजेच्या आरतीआधी वॉचमन चक्कर मारणार आणि स्विच वर दिसला की पाडणार, या विचाराने माझा पाय निघेना. उद्धवरावांना ते सांगितलं.

त्यांनी खुर्ची ओढून मेन स्विचखाली टाकली. "जा तू. कोण हात लावतंय ते बघतो मी."

बसने शिक्रापूर सोडलं तेव्हा फोटो हलवून झाले. कॅमेऱ्याला नवी जागा दाखवली, एक फोटो काढून पाहिला. नीट साठला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उद्धवरावांना फोन केला.

"झालं, काका. घाला हार."

"घालतो. पन ती नवी डिस्क कुठाय? तिला कुंकू लावायचं राह्यलं."

"ती दिसत नाही, काका. त्याच्या आतच आहे."

"मग त्यालाच जरा जास्त लावतो."

"कोण गं?" आईने विचारलं.

"उद्धवराव. मेन स्विचपाशी बसलेत, दुपारपासून."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "दरवर्षी तुझे बाबा बसायचे," ती म्हणाली.

"हो. या वर्षी आपल्यासाठी दुसरं कुणी बसलं."

तिने पदराने डोळे पुसले आणि मांडीवरचा डबा उघडता उघडता थांबली.

"परत लाव फोन," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, आता उठा आणि जेवून घ्या."