मालकांचा कंगवा

संध्याकाळच्या बातम्या संपल्या आणि पडद्यावर चक्क चॅनेलचे मालक आले. हातात कंगवा! उरलेसुरले केस या कानापासून त्या कानापर्यंत ओढत त्यांनी तमाम प्रेक्षकांना विचारलं, “मी जाड दिसतोय का?” लगेच जाहिरात लागली.

आठवड्यात दुसऱ्यांदा!

आणि संशय कुणावर? माझ्या आईवर. चॅनेलवर कधी काय दिसणार ते तीच ठरवून ठेवते ना! सकाळी ती सॉफ्टवेअरमध्ये सगळे व्हिडिओ ओळीने लावते, मग ते आपोआप एकामागून एक लागत जातात. त्यात नुकतंच सुट्टीवरून तिचं आणि मालकांचं वाजलं होतं.

“पुन्हा झालं तर दुसऱ्या दिवशी येऊ नका,” मालक म्हणाले.

“अहो साहेब, मधे जागा रिकामी राहिली की सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. फिलरच्या फोल्डरमधली, त्या जागेत मावेल ती क्लिप उचलतं.”

“आणि नेमकं माझंच थोबाड उचलतं? मला काय दूधखुळा समजता?”

“मग त्या फोल्डरमधल्या तुमच्या फाइल उघडून बघू द्या.”

“माझ्या फाइलना हात लावायचा नाही!”

बघा! उघडायचंही नाही आणि चोरही आईच. माझं डोकंच फिरलं. शाळा सुटली की मी चॅनेलमधल्या आईच्या खोलीत कोपऱ्यात गृहपाठ करते, पण त्या दिवसापासून वही नुसती नावाला. मी एकेकावर डोळा ठेवला.

तारा जोडणारे काका माझ्याकडे बघून हसले. का हसले? सफाईवाल्या मावशींनी संगणक पुसला. इतका वेळ? आणि बातम्या वाचणारे काका, ज्यांना आम्ही एक्सप्रेस म्हणतो, ते तर पक्के संशयित. नवी कवळी बसवल्यापासून ती पडायच्या आत बातम्या उरकायच्या म्हणून गाडी सुसाट!

“आई, तो कंगवा एक्सप्रेस लवकर थांबली की येतो,” मी कुजबुजले.

“थोडीच जागा उरते ना. फिलरमधल्या फुलांच्या क्लिप लांबलचक, त्यात मावत नाहीत. कंगवा मावतो. पण ऐकतंय कोण?”

ऐकणार नाहीत तर बघतील! मी तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले. आवाज खणखणीत निघाला, कुठून ते माझं मलाच ठाऊक नाही.

“साहेब, आज आईच्या खुर्चीत तुम्ही बसा. आई दारात उभी राहील. मग कळेल कोण करतंय.”

“मुलगी आगाऊ आहे,” मालक म्हणाले. पण आले. माउस मुठीत धरून मांजरासारखे दबा धरून बसले. आई दारात, हात पाठीशी. मी वही घेऊन कोपऱ्यात.

एक्सप्रेसने शेवटची बातमी एका दमात गिळली. “नमस्कार!” पडदा काळा झाला, आणि मालकांनी मालकांना विचारलं, “मी जाड दिसतोय का?”

कुणी हसलं नाही. म्हणजे मी वही तोंडात कोंबली होती.

“कुणी… कुणी हात नाही लावला,” मालक पुटपुटले. मग पुन्हा तोच संशयी डोळा. “पण हे फोल्डरमध्ये टाकलं कुणी?”

एक्सप्रेस कवळी सांभाळत आत आले. “साहेब, प्रेक्षकांना द्यायच्या तुमच्या संदेशाचं शूटिंग झालं की कॅमेऱ्याचं कार्ड तुमच्या खिशात. कुणावर विश्वास नाही म्हणून कॉपीही तुम्हीच करता. चुकलेलं, कंगव्याचं, सगळं एकदम ओतलं असणार फिलरमध्ये.”

मालकांनी खिशात हात घातला. कार्ड होतं. ते उलटसुलट करून पाहिलं, जणू तेही फितूर. मग त्यांनी ते आईपुढे धरलं.

“हे… आता तुम्हीच ठेवा.”

“ठेवते. पण उघडून बघणार.”

“बघा. आणि उद्या वेळेवर या.”

आईने कंगवा तिथल्या तिथे डिलीट केला. घरी जाताना ती गुणगुणत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा: आज एक्सप्रेस जरा जास्तच सुसाट नव्हती? आणि जिन्यात एक्सप्रेसकाकांनी मला डोळा का मारला?