छत्तीस घरांची बॅटरी

आमच्या गावात फुटका माठ फेकतात, बंद घड्याळही फेकतात. संक्रांतीचं वाण मात्र कोणी फेकत नाही. गेल्या संक्रांतीला सुमेधाताईंनी चार्जिंगचे छोटे पंखे लुटले. कृषी केंद्रवाल्याची बायको वाटी-डबीवर थोडीच भागवणार! चव्वेचाळीस बायका मिरवत घेऊन गेल्या. होळीपर्यंत बहुतेक पंखे मुके झाले आणि घरोघर फळीवर, तांदळाच्या डब्यामागं धूळ खात बसले.

दिपालीच्या घरी तसा पंखा नव्हता. नवरा वारल्यापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं जात नसे.

यंदा संक्रांतीला पंधरा दिवस राहिले असताना तिच्या वावरातल्या तारेच्या कुंपणाला झटका देणाऱ्या मशीनची बॅटरी बसली. हरभरा घाट्यावर आला होता. दुसऱ्याच सकाळी रानडुकरांनी दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन अख्ख्या ओळी, उलटे केलेले दिसले. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, विठ्ठलराव धुऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहत होते. नुकसान दुसऱ्याचं असलं की त्यांची नजर फार बारीक.

"फुलसावंगीचा फकिरा हे वावर मक्त्यानं घ्याले तयार हाय," ते म्हणाले. "बाईमाणसाच्यानं डुकरं राखणं होत नाही."

"डुक्कर बाई-माणूस पाहून येते काय, भाऊजी?"

"तं राखून दाखव. दुसऱ्या सोमवारी त्याले घेऊन येतो. तवापर्यंत अजून एक तास उखडला, तं वावर त्याचं."

"या ना मंग त्या सोमवारी. चहा इथंच घ्या."

मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दिलेली जमीन कागदावर आपलीच राहते. पण तिच्यात काय पेरायचं हे विचारायला मग कोणी येत नाही. गावात अशी दोन घरं दिपालीनं पाहिली होती.

नवी बॅटरी कृषी केंद्रात नव्हती. "मागवतो, पंधरा दिवस लागतील," सुमेधाताईंचे यजमान म्हणाले. सोमवार दहा दिवसांवर होता. तोवर दिपाली रात्री वावरात डबा बडवत जागू लागली.

लग्नाआधी दिपालीनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. सर्टिफिकेट पेटीत होतं, हात मात्र विसरले नव्हते. असे पंखे मरतात ते चार्जिंगच्या पिनीपाशी नाहीतर बटणापाशी. आतला सेल जिवंतच असतो, हे तिला ठाऊक. तिनं खताची रिकामी चुंगडी घेतली आणि दारोदार फिरली.

"मेलेलं वाण हाय काय घरात?"

"काहून व? कायले पाह्यजे?"

"डुकराले हवा घालाची हाय."

बायका हसल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच आणून दिलं. काहींनी तर उंदीर द्यावा तसं, दोन बोटांत धरून. एक्केचाळीस जमा झाले.

बुधवारी सुमेधाताई तिच्या ओसरीवर आल्या. समोर फुटक्या पंख्यांचा ढीग.

"वाण फोडतेस, दिपाली? अपशकुन असतो तो."

दिपालीनं पेचकस खाली ठेवला नाही. "ज्याले वाण भेटलं त्याले अपशकुन, वहिनी. मले कुठं देलं होतं तुमी?"

सुमेधाताई चहाही न घेता गेल्या; आणि त्या चहा सोडणाऱ्यांतल्या नव्हेत.

दिपालीनं एकेक सेल मीटरवर लावला, भरला, दोन दिवस नुसता ठेवून पुन्हा मोजला. जो उतरला तो बाजूला, जो फुगला तोही बाजूला. पाच गेले. उरलेल्या छत्तिसांवर तिनं मार्करनं लिहिलं: कोणाच्या घरचा आणि किती व्होल्ट भरला. मग बारा-बाराच्या तीन ओळी. सेल तापू नये म्हणून त्याच्या पत्र्याच्या पट्टीलाच डाग दिला. जादा चार्ज तोडणारी सर्किटची पट्टी महागावच्या मिस्त्रीकडून आणली. सगळं मिठाईच्या पारदर्शक डब्यात बसवून शुक्रवारी मशीनला जोडलं.

सोमवारी विठ्ठलराव फकिराला घेऊन आले. धुऱ्याशी खुरांचे ठसे होते. ते तारेपर्यंत येत होते, तिथं माती घसरल्याच्या दोन रेघा आणि मग आल्या वाटेनं परत. आत एक घाटा हलला नव्हता.

"बॅटरी कुठून आणली?" विठ्ठलरावांनी डबा उघडला, चष्मा लावला आणि वाचू लागले. गोदाबाई ३.९. शेवंता ४.०. पहिल्या ओळीच्या टोकाला होतं: विमलताई ४.१.

ते थांबले. विमलताई म्हणजे त्यांचीच बायको.

"आमच्या घरचा?"

"ताईनं सगळ्यात पयले आणून देला. दमदार हाय."

"कोनी सांगतलं तिले?"

"घरी विचारा."

विचारण्याचा बेत काही त्यांच्या तोंडावर दिसला नाही.

फकिरानं डब्यातली नावं मोजली, मग गवताची काडी तारेला टेकवली आणि झटकन हात मागं घेतला. बोटं चोळत म्हणाला, "मालक, छत्तीस बायका एका तारीत हायेत. मले नको बाप्पा हे वावर."

तो गाडीकडं निघालाही. विठ्ठलरावांना काहीतरी वसूल केल्याशिवाय जायचं नव्हतं. "आमचा सेल तरी काढून दे."

"एक काढला तं ओळ लंगडी होते, भाऊजी." दिपालीनं डब्याला झाकण लावलं. "अन् वाण काही वापस मांगत नसतात. चहा ठेवला हाय, बसा."

ते बसले नाहीत. मशीन आपलं टिक, टिक करत राहिलं.