पहिली रेघ

प्रयोगशाळेत तिने बटण दाबलं आणि यंत्राचं सपाट टोक काळ्या ठिपक्यावर टेकलं. ठिपका तिळाएवढा, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते रानच होतं. कार्बनच्या असंख्य बारीक नळ्या एकमेकींना धरून उभ्या. दाब वाढला तशा त्या तळाशी दुमडल्या, घडीवर घडी पडत गेली. वरचा भाग मात्र जसाच्या तसा, काही घडलंच नाही असा.

दाब काढल्यावर रान उठलं, पण पुरतं नाही. पुढच्या खेपांना दर वेळी तेवढंच उठत राहिलं.

सर मागे येऊन उभे राहिले. पहिल्या दाबाची रेघ आलेखातून काढून टाक, म्हणाले. तेव्हा माल नुसता बसतो, खरी मापं नंतरची. सगळे असंच करतात. तिने रेघ काढून टाकली. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. ती शुद्धीवर आली तोवर सगळं आवरून झालं होतं. काही विचारायचा धीर तिला झाला नाही आणि आपण होऊन कुणी सांगितलं नाही. सासूबाई मायेच्याच, झालं गेलं विसर, पुन्हा तो विषय नको, म्हणाल्या आणि रोज जवळ बसून तिला जेवू घातलं. नवरा मुळातच अबोल. महिन्याभरात ती कामावर गेली, तर जो तो म्हणे, बाई किती लवकर सावरली! लोकांचं काय, माणूस हिंडतंफिरतंय ना, मग झालं. आत ती सुन्न होती, दात काढताना हिरडी होते तशी. आता पुन्हा दिवस गेले होते; त्याचा ना आनंद, ना भीती. ते मूल होतं, एवढं कुणीतरी एकदा म्हणावं, इतकंच तिला वाटे.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सने तिचं वजन घेतलं, वय विचारलं.

"हे पहिलंच ना?"

"हो," ती म्हणाली. सवयीने निघून गेलं तोंडातून.

नर्स पुढचं विचारणार, तोच शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याने घसा खाकरला. तो खाली फरशीकडे बघत होता.

"दुसरं," तो म्हणाला. "पहिली मुलगी होती."

ती वळून नवऱ्याकडे बघत राहिली.

"तू पाहिलंस तिला?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"कशी होती?" तिने विचारलं.