पाचवी होडी

हेस्टरने दातांनी हातमोजा ओढून काढला, भाच्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि सरळ घोटाभर चिखलात उतरली.

"अगं आत्या, फळी टाकलीय ना त्यांनी! तिच्यावरून चाल की," रूबेन ओरडला.

"फळीवरून पाहुण्यांनी चालावं. माझा जन्म या कालव्यातला आहे."

टिपटन गावामागचा कालव्याचा हा फाटा दोन दिवसांसाठी कोरडा केला होता. तळाशी मालवाहू लाकडी होड्या पडल्या होत्या, एकूण सात. एकीच्या पोटातून झाड उगवलेलं, दुसरीच्या फळ्या झडून नुसते लोखंडी कोन उभे. पण काय लाकूड होतं ते! ओकच्या जाडजूड फळ्या वाफेवर मऊ करून नाकाशी अशा वळवल्या होत्या, की टिकलेल्यांपैकी एकीनेही अजून आपला बाक सोडला नव्हता. आता असलं काम करून दाखवा म्हणावं कुणाला.

क्लेमंट यार्डली वही घेऊन फळीवर उभा होता. निवृत्त मास्तर, जुन्या होड्या वाचवणाऱ्या मंडळाचा. हेस्टरच्या बापाने, एमॉस ट्रँटरने, स्वतःच्या हातांनी बांधलेली 'सबीना' तो आठ वर्षं शोधत होता. होड्यांवरची नावं कधीच धुऊन गेली होती. ओळखू शकेल अशी जिवंत माणसं सरतासरता एकट्या हेस्टरवर येऊन ठेपली होती. तिने बोट दाखवायचं, की गुरुवारी क्रेन येणार आणि 'सबीना' संग्रहालयात जाणार. बाकीच्या पुन्हा पाण्याखाली.

"दारातच ठेवू तिला," क्लेमंट म्हणाला. "पितळी पाटी लावू. त्यावर तुमच्या वडिलांचं नाव."

हेस्टरला ती पाटी हवी होती. त्यासाठीच तर ती ठेवणीतला कोट घालून आली होती. बापाचं नाव कालव्यावर कुठे म्हणून उरलं नव्हतं, आणि ते तिला फार लागायचं.

पहिल्या चार होड्यांपाशी ती जेमतेम थांबली. पाचवीच्या मागच्या अंगाला मात्र ती वाकली, कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि फळ्यांमधला सांधा चाचपू लागली. सांध्यातली भर म्हणजे डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद. गरम गरम कालवून बोटांनी दाबायचं, गार व्हायच्या आत. बाराव्या वर्षी हाच सांधा तिने भरला होता. बापाने दोनदा उकरून काढायला लावला, तिसऱ्यांदा नुसती मान हलवली. ती भर अजून जागेवर होती, दगडासारखी.

होडीला एक फेरी घालून ती पुन्हा तिथेच आली.

"काय?" क्लेमंटचा आवाज चढला. "हीच का?"

"थांबा हो मास्तर, घोड्यावर बसून आलात का?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "संग्रहालयात ठेवणार म्हणजे पाण्यातच ना?"

"छे छे! पक्क्या छपराखाली. थेंब गळत नाही तिथे."

"ओली नाही ठेवता यायची?"

"सत्तर फुटांचा हौद कुठून आणू? आणि लोकांना दिसायला नको?"

हेस्टरने पुन्हा सांध्यावर हात ठेवला. काम नसलेली होडी कालव्यातली माणसं मुद्दाम बुडवून ठेवत. पाण्याखाली लाकूड मुरतं, तडकत नाही. त्या मोठ्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने कालवा गोठला, माल लॉऱ्यांवर गेला, तेव्हा बापानेही हिच्या तळाची बुचं काढली. 'निजू दे तिला, काम आलं की उठवू,' म्हणाला होता. काम आलं नाही, आणि वाट बघता बघता बापच गेला.

छपराखालची होडी तिने गेल्या उन्हाळ्यात पाहिली होती. फॉक्सॉल नावाच्या होडीवाल्या कुटुंबाची, अशाच एका संग्रहालयात. घासूनपुसून लख्ख, आणि तळाच्या फळ्यांत मूठ जाईल एवढ्या फटी. एक माणूस रोज सकाळी लाकडाचा भुगा झाडून काढत होता.

तिने कोटाला हात पुसला. ठेवणीतल्या कोटाला.

"ही नव्हे," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या बापाची होडी मला कळणार नाही होय?"

उरलेल्या दोन होड्यांनाही तिने रीतसर हात लावला आणि मान हलवली. क्लेमंट मटकन फळीवरच बसला.

"आठ वर्षं, हेस्टरबाई."

"वाईट वाटून घेऊ नका, मास्तर." तिला खरंच वाईट वाटत होतं. भल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पाणी कधी सोडणार?"

"उद्या संध्याकाळी."

"आत्ताच सोडा. ऊन बघा केवढं पडलंय. फळ्या सुकायला लागल्यात."

क्लेमंटने तिच्याकडे पाहिलं. मग चिखलाकडे. पाचव्या होडीभोवती तिच्या पावलांचं अख्खं रिंगण उमटलं होतं. तो उठला आणि रूबेनला म्हणाला, "चला, झडपेचं चाक फिरवू या. एकट्याने हलत नाही ते."

पाणी आधी गढूळ आलं, मग भराभर चढलं. हेस्टर काठावर उभी राहून बघत होती. पाचव्या होडीची वरची फळी दिसेनाशी होईपर्यंत तिने कुणाला निघू दिलं नाही.

"कुणाची का असेना," क्लेमंट म्हणाला, "बांधली मात्र झकास होती."

"झकास?" हेस्टर उसळून म्हणाली. "अहो, सेहेचाळीस वर्षं झाली बुडवून, एक सांधा हलला नाही!"

रूबेनने चमकून आत्याकडे पाहिलं. क्लेमंटने हळूच वही मिटून खिशात घातली आणि तिला चढ चढायला हात दिला.