वाटेत वाचायला एखादं

बॅगेची चेन अर्ध्यावर ओढून ती थांबली आणि नवऱ्याच्या कपाटाकडे पाहत म्हणाली,

"वाटेत वाचायला एखादं दे."

कपाटात एकाच जातीची पुस्तकं होती. टीव्हीवरची ती अंतराळमालिका कधीच बंद पडली होती. पण तिच्यावरून लिहिलेल्या कादंबऱ्या निघतच होत्या, आणि निघेल ती घरात येत होती. दाताचा डॉक्टर, ऑफिसातला हिशेबनीस, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळ्यांना त्याने त्या सुचवल्या होत्या. बायकोने मात्र कधी विचारलं नव्हतं. आज विचारत होती, आणि खाली टॅक्सी उभी होती.

ती परत येणार की नाही, हे ठरलेलं नव्हतं. तिच्या भावाचं मत 'नाही' असं होतं. तिचं अजून व्हायचं होतं. भांडण असं झालंच नव्हतं. भांडायला समोर तोंड लागतं. तिच्यासमोर कायम मुखपृष्ठ असायचं.

"तसं पाहिलं तर," त्याने घसा साफ केला, "आधी तिसऱ्या पर्वानंतरचा काळ—"

तिने उरलेली चेन ओढून बॅग बंद केली.

"नको," तो म्हणाला. "म्हणजे, देतो."

"एकच दे. मागचंपुढचं माहीत नसलं तरी चालेल असं."

"ताई, झालं का?" भाऊ जिना चढून दारात आला. "भावोजी, जरा पृथ्वीवर उतरा. मीटर चालू आहे."

त्याचं बोट बर्फाच्या ग्रहावरच्या कादंबरीवर गेलं. नवख्यांना तो तीच द्यायचा. सुटसुटीत, एका बैठकीत संपणारी, झकास शेवट. वाचायची आणि विसरून जायची.

बोट तिथेच थबकलं. मग ते खालच्या कप्प्यातल्या एका जाडजूड जोडीकडे सरकलं. पहिला भाग दुसऱ्याशिवाय कुणाच्या हातात देणं म्हणजे त्याच्या लेखी फौजदारी गुन्हा. यावरून हिशेबनीसाशी त्याचं बोलणं तुटलं होतं. त्याने पहिला भाग ओढून काढला आणि दुसरा अंगठ्याने आत सारला.

"हे घे."

"एवढ्यातच संपतं ना?"

"संपतं," तो म्हणाला. पुस्तकांच्या बाबतीत तो आजवर खोटं बोलला नव्हता.

तिने पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं. आधी शेवट वाचायचा, मग पुस्तक सुरू करायचं, ही तिची रीत. घाबरण्याच्या नादात तो ती साफ विसरला होता.

त्या पानावर कॅप्टन बंद दाराबाहेर, पोकळीत लटकत होता; टाकीतला प्राणवायू संपत आला होता. त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: उत्तरार्ध दुसऱ्या भागात.

तिने ते वाचलं. सावकाश, दोनदा वाचल्यासारखं. खालून हॉर्न वाजला. भावाने बॅग उचलली आणि कुरकुरत जिना उतरू लागला. नवरा कपाटाला पाठ लावून उभा होता. मागचा दुसरा भाग आपणहून बाहेर येईल या भीतीने कपाट दाबून धरल्यासारखा.

तिने पुस्तक मिटलं. खांद्यावरच्या पिशवीत सरकवलं, चपला घातल्या, आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली.

"मी भरभर वाचते," ती म्हणाली.